भिंत चौकटीत हवी

ताशी ३०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात ८३ मीटर अंतर कापते. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडलं, तरी तेवढ्यात ती आठ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. शटर १/१२५ वर ठेवलं तर ती दोन फुटांहून जास्त सरकते. पण आपण कॅमेरा तिच्याबरोबर फिरवत नेला, तर रायडरचं हेल्मेट आणि गाडीचा नंबर स्वच्छ उमटतो आणि मागचं सगळं जग रेघारेघांचं होऊन जातं. याला पॅनिंग म्हणतात. शर्यतीचे फोटो काढू लागलेला प्रत्येक जण आधी हेच शिकतो, कारण त्यात वेग दिसतो.

आणि त्यात भिंत नाहीशी होते. रस्त्याकडेचा दगडी गडगा, विजेचा खांब, कुणाच्या तरी घराची पायरी हे सगळं मागच्या हिरव्या-करड्या रेघांत विरघळतं. उरतो तो गुडघा टेकवून झुकलेला देखणा रायडर. असा फोटो सिल्व्हरस्टोनच्या बंदिस्त ट्रॅकवर काढा नाहीतर आइल ऑफ मॅनच्या एखाद्या गावात काढा, दोन्ही सारखेच दिसतात. माझं भांडण या सारखेपणाशी आहे. ट्रॅकवर घसरलेला रायडर खडीच्या मोकळ्या पट्ट्यात लोळत जातो आणि पुष्कळदा उठून धूळ झटकतो. रोड रेसिंगमध्ये, म्हणजे एरवीच्या वापराच्या रस्त्यांवरच्या शर्यतीत, घसरलेल्या माणसाला तेवढी जागाच नसते. या खेळातला धोका ज्या वस्तूत आहे, तीच वस्तू फोटोतून पुसली जात असेल, तर तो फोटो नेमका कशाचा?

आइल ऑफ मॅन हे इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रातलं बेट, आकाराने बृहन्मुंबईपेक्षा थोडं लहान. मी इंग्लंडच्या त्या किनाऱ्याकडच्या गावात राहते, त्यामुळे हेशम बंदरावरून बोट पकडली की चार तासांच्या आत डग्लसला पोचते. मे संपता संपता टीटी, म्हणजे टूरिस्ट ट्रॉफी, सुरू होते आणि बोटीच्या पोटात मोटारसायकली दोरांनी बांधून एकमेकींना खेटून उभ्या असतात. ही शर्यत तिथेच का, याचं उत्तर कायद्यात आहे. १९०३ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये मोटारींना ताशी वीस मैलांची मर्यादा घातली, आणि शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ते बंद करायला तिथली संसद तयार नव्हती. आइल ऑफ मॅनची स्वतःची संसद आहे, टिनवॉल्ड. तिने १९०४ साली रस्ते बंद करायची परवानगी देणारा कायदा केला. १९०७ साली मोटारसायकलींची पहिली टीटी झाली आणि १९११ पासून ती स्नेफेल डोंगराला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर आली. एक फेरी ३७.७३ मैलांची, म्हणजे साठ किलोमीटरहून थोडी जास्त. दोनशेहून अधिक वळणं. रस्ता डग्लसच्या वस्तीतून निघतो, खेड्यांमधून, चर्चच्या आणि दारूच्या गुत्त्यांच्या दारांवरून जातो, रॅमझी गाव ओलांडून डोंगरावर चढतो आणि चारशे मीटरहून अधिक उंची गाठून परत डग्लसला उतरतो. एरवी याच रस्त्याने दूधवाला जातो, शाळेची बस जाते.

त्याच १९११ साली, नव्या रस्त्यावरच्या सरावात, ग्लेन हेलनजवळ व्हिक्टर सरिज हा रायडर गेला. तेव्हापासून आजवर या एका रस्त्यावर शर्यतीत आणि सरावात मिळून अडीचशेहून अधिक रायडरांचा जीव गेला आहे. जगात दुसऱ्या कुठल्याही शर्यतीच्या रस्त्याचा असा हिशेब नसेल. दुसरीकडे वेगाचा आकडाही चढत राहिला. २०२३ साली पीटर हिकमनने ताशी १३६.३५८ मैलांच्या सरासरीने फेरी पूर्ण केली, म्हणजे जवळजवळ २१९ किलोमीटर, आणि ही सरासरी आहे. काटकोनी वळणं, कुबडाचे पूल, हेअरपिन हे सगळं धरून.

फोटो काढणाऱ्याची सकाळ जागा निवडण्यात जाते, आणि ती निवड नंतर बदलता येत नाही. ठरलेल्या वेळेला रस्ता बंद झाला की तो ओलांडता येत नाही. ज्या बाजूला आहात त्याच बाजूला, ज्या शेतात आहात त्याच शेतात, पुन्हा रस्ता उघडेपर्यंत. काही घरमालक आपल्या अंगणात उभं राहू देतात. चर्चमधल्या बायका चहा आणि केक विकतात, त्याचे पैसे छपराच्या दुरुस्तीला जातात. मला हे वातावरण फार आवडतं. समोरच्या रस्त्यावरून मृत्यूच्या इतक्या जवळून माणसं जाणार आहेत आणि इकडे एक आजी विचारतेय, साखर किती. हे विसंगत वाटेल, पण मला त्यात कधी काही खटकलं नाही. शंभराहून जास्त वर्षं हे बेट या शर्यतीसोबत राहतंय, ते दिवसभर श्वास रोखून कसं बसेल?

बॅलॉ ब्रिजवर सगळे जातात. तिथे कुबडाच्या छोट्या पुलावर बाइकची दोन्ही चाकं हवेत जातात आणि फोटो नवशिक्यालाही मिळतो. क्रेग-नी-बाच्या उतारावर मागे डोंगर आणि बाजूला हॉटेल येतं. ब्रे हिलला गाडी उताराच्या तळाशी अशी दबते की खालून ठिणग्या उडतात. या सगळ्या जागा चांगल्याच आहेत. पण मला विचाराल तर बारेगॅरोच्या खालच्या वळणासारखी जागा दुसरी नाही.

तिथे रस्ता उतरणीला लागतो आणि अगदी तळाशी डावीकडे वळतो. वळणाच्या आतल्या अंगाला घराची भिंत. घर म्हणजे खरंच घर, खिडक्यांचं, धुराड्याचं. बाइक वरून येते तेव्हा आधी फक्त आवाज असतो, मग झाडांच्या सावलीत एक ठिपका, आणि ठिपका दिसल्यापासून ती समोरून निघून जाईपर्यंत जेमतेम दोन सेकंद. तळाशी सगळं वजन एकदम खाली येतं, सस्पेन्शन संपतं, गाडीचं पोट रस्त्याला घासतं आणि त्याच क्षणी रायडरचं डोकं भिंतीच्या इतकं जवळून जातं की पहिल्यांदा पाहणारा माणूस मागे सरकतोच. मी सरकले होते, माझ्या मागे उभे असलेले गृहस्थही सरकले होते. ते तर दरवर्षी येणारे.

तिथे लांब लेन्स लावून रायडरचा चेहरा पकडता येतो. हेल्मेटच्या काचेतून डोळे दिसतात आणि ते भिंतीकडे कधीच पाहत नसतात, ते रस्त्याच्या पुढच्या शंभर-दोनशे मीटरवर लागलेले असतात. पण मी तिथे लहान लेन्स लावते, म्हणजे जास्त रुंद दिसणारी. शटर १/१००० किंवा त्याहून वेगाने, जेणेकरून भिंतीचे दगडसुद्धा मोजता यावेत. रायडर त्यात छोटा येतो. वेग कमी दिसतो, हे खरं आहे, गाडी जणू उभी केल्यासारखी वाटते. मासिकवाल्यांना असे फोटो फारसे आवडत नाहीत. पण अशा फोटोत रायडरचा खांदा, भिंतीचा चुना आणि दोन्हींच्या मधली फट एकत्र दिसते. रोड रेसिंग म्हणजे ती फट. ती वीतभर ठेवायची की चार बोटं, हे ठरवण्यात या माणसांचं आयुष्यभराचं कौशल्य आहे. ती फट दिसली नाही तर त्यांच्या धाडसाबरोबर त्यांचं कौशल्यही फोटोतून जातं, आणि मला कौशल्य गेल्याचं जास्त वाईट वाटतं. धाडस कुणातही असतं. साठ किलोमीटरचा रस्ता, त्याचा प्रत्येक चढ, प्रत्येक गटाराचं झाकण, कुठे झाडाखाली ओल राहते हे सगळं डोक्यात ठेवून सव्वादोनशेच्या आसपास सरासरीने जाणारी माणसं जगात मोजकी आहेत.

स्वतःच्या जिवाबद्दलही बोलायला हवं. २००७ च्या सिनियर टीटीत, म्हणजे टीटीतल्या मुख्य शर्यतीत, सव्विसाव्या मैलाजवळ रायडरबरोबर दोन प्रेक्षक गेले. २०१३ साली ब्रे हिलच्या पायथ्याशी गाडी कोसळून दहाएक प्रेक्षक जखमी झाले. प्रेक्षकांना बंदी असलेल्या जागांवर पाट्या लावलेल्या असतात आणि नारिंगी अंगरख्यातले मार्शल तिथून उठवतात, तेव्हा वाद घालणाऱ्या फोटोग्राफरचा मला राग येतो. हे शेकडो मार्शल बिनपगारी स्वयंसेवक आहेत. आपल्या सुट्ट्या खर्चून ते झेंडा हातात घेऊन उभे राहतात आणि गाडी पडली तर सगळ्यात आधी तेच रस्त्यावर धावतात, पुढची गाडी दहा सेकंदांवर आहे हे माहीत असताना. नव्या मुलांना मी सांगते ते असं: वळणाच्या बाहेरच्या अंगाला, रस्त्याच्या पातळीवर उभं राहू नका. गडग्यावर पाय सोडून बसू नका. मागे हटायला जागा आहे का हे आधी वळून बघा, आणि तिथे बॅग ठेवू नका. डोळा कॅमेऱ्याला लावला की बाकीचं दिसत नाही, तेव्हा कान उघडे ठेवा.

कान फार महत्त्वाचे. टीटीत सगळे एकदम सुटत नाहीत. डग्लसच्या ग्लेनक्रचरी रोडवरून दर दहा सेकंदांनी एक रायडर सुटतो, सोडणारा माणूस त्याच्या खांद्यावर हात मारतो आणि तो जातो. म्हणून आपण एका वळणावर उभे असलो की आवाजांची एक लय कानात बसते. एक गेला, थोडी शांतता, दुसरा आला. हातात रेडिओ असतो, मँक्स रेडिओवर समालोचन चालू असतं, ग्लेन हेलनला कोण पुढे, रॅमझीला कोण पुढे. पहिल्या फेरीनंतर क्रम बदलतो, पण कोणाच्या मागे कोण यायला हवं याचा अंदाज आपल्याला झालेला असतो. मग कधीतरी एक जागा रिकामी जाते. जो यायला हवा होता तो येत नाही.

बहुतेक वेळा इंजिन बिघडलेलं असतं. रेडिओवर लगेच सांगतात, अमुक नंबर अमुक ठिकाणी थांबलाय, रायडर ठीक आहे. हे 'रायडर ठीक आहे' ऐकलं की गडग्यावरचे सगळे जण पुन्हा बोलू लागतात. पण कधी कधी तेवढंच वाक्य येत नाही. समालोचक दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत राहतो, मार्शल आपल्या वायरलेसवर कान लावून पाठमोरा उभा राहतो, आणि मग लाल झेंडा दिसतो. शर्यत थांबते. थोड्या वेळाने डोंगराच्या बाजूला हेलिकॉप्टर जाताना दिसतं. हेलिकॉप्टर उडू शकत नसेल तर शर्यत सुरूच करत नाहीत. डोंगरावर धुकं उतरलं की तासन्‌तास सगळे वाट बघत बसतात ते याचसाठी. तिथले लोक त्या धुक्याला मॅनानन या समुद्रदेवाची घोंगडी म्हणतात. शत्रू आला की तो बेटावर घोंगडी पांघरतो अशी गोष्ट आहे. १९७२ साली धुक्यापावसातल्या अशाच एका सकाळी डोंगरावरच्या व्हेरांडा वळणाजवळ इटलीचा जिल्बेर्तो पारलोत्ती गेला. त्याचा मित्र जाकोमो आगोस्तिनी, जगज्जेता, टीटीत दहा वेळा जिंकलेला, त्या वर्षानंतर पुन्हा इथे उतरला नाही. इतर मोठे रायडरही टाळू लागले आणि १९७६ नंतर टीटीचं जागतिक अजिंक्यपदातलं स्थान गेलं. म्हणजे नाही म्हणण्याची परंपराही या खेळात तितकीच जुनी आणि मानाची आहे, आणि आगोस्तिनीला कुणी भित्रा म्हटलेलं मी तिथे ऐकलेलं नाही.

लाल झेंड्यानंतर कॅमेऱ्याचं काय करायचं? मी तो खाली ठेवते. लेन्सला टोपी लावते. माझ्याभोवतीचे बहुतेक जुने लोकही तेच करतात, न सांगता. पण आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि फोनला ही रीत माहीत नाही. २०२२ ची टीटी आठवते. त्या पंधरवड्यातल्या अपघातांनी सहा जण गेले. त्यांत साइडकारवरचे, म्हणजे दोघांच्या तीनचाकी गाडीवरचे, एक बाप-लेक होते, छप्पन्न वर्षांचा बाप आणि एकवीस वर्षांचा मुलगा. आणखी एका फ्रेंच साइडकार जोडीच्या अपघातात आधी एकाच्या मृत्यूची घोषणा झाली आणि काही दिवसांनी आयोजकांना जाहीर करावं लागलं की ओळख पटवण्यात चूक झाली, गेला तो दुसरा होता. एका घराने आपला माणूस गेला म्हणून शोक केला, दुसऱ्या घराने आपला वाचलाय म्हणून देवाचे आभार मानले, आणि मग दोन्ही उलटं झालं. ज्याला आधी मृत म्हटलं तो सेझार शनालही त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गेला. जिथे सगळी यंत्रणा उभी असूनही अशी चूक होऊ शकते, तिथे गडग्यावरच्या एखाद्याने अर्ध्या मिनिटात चित्रफीत टाकून 'अमुक नंबर होता' असं लिहिणं हा गुन्हा नाही तर काय? बायकोला, आईला ही बातमी फोनच्या पडद्यावरून कळू नये, एवढं आपल्या हातात आहे.

याचा अर्थ दुःखाचे फोटो काढूच नयेत असा मी घेत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये पोर्टस्ट्युअर्ट, कोलरेन आणि पोर्टरश या गावांना जोडणाऱ्या समुद्राकाठच्या त्रिकोणी रस्त्यावर नॉर्थ वेस्ट २०० ही शर्यत होते. १५ मे २००८ रोजी तिथल्या सरावात रॉबर्ट डनलप गेला. रोड रेसिंगमधलं सगळ्यात मोठं नाव असलेल्या जोई डनलपचा धाकटा भाऊ. जोई स्वतः टीटीत २६ वेळा जिंकून २००० साली एस्टोनियातल्या एका शर्यतीत गेला होता. रॉबर्टनंतर दोनच दिवसांनी, १७ मेला, त्याचे मुलगे विल्यम आणि मायकेल २५० सीसीच्या शर्यतीसाठी उतरले. विल्यमची गाडी शर्यतीआधीच्या फेरीतच बंद पडली. मायकेल शर्यत जिंकला. तेव्हाचे त्याचे फोटो रडताना, कोलमडताना काढलेले आहेत, आणि ते काढले हे योग्यच झालं असं मला वाटतं. तो स्वतः लोकांसमोर आला होता. त्याला जे सांगायचं होतं ते शब्दांत सांगता येण्यासारखं नव्हतं. रस्त्यावर पडलेला माणूस मात्र आपल्यासमोर आलेला नसतो, तो फक्त आपल्या समोर पडलेला असतो. या दोन फोटोंमध्ये फरक करता न येणाऱ्याने कॅमेरा घेऊन तिथे जाऊ नये. विल्यम २०१८ साली आयर्लंडमधल्या स्केरीजच्या सरावात गेला. मायकेल अजून शर्यती करतो, २०२४ साली त्याने काकांचा २६ विजयांचा विक्रम मागे टाकला. त्याच्या हेल्मेटवर कॅमेरा रोखताना माझं बोट दर वेळी क्षणभर अडखळतं आणि मग दाबतं.

त्याच स्केरीजमध्ये, २०१५ च्या जुलैत, डॉक्टर जॉन हाइंड्स गेले. त्यांच्याबद्दल भारतात फारसं कुणाला माहीत नसतं म्हणून थोडं लिहिते. ते भूल आणि अतिदक्षता विभागाचे डॉक्टर होते. आयरिश रोड रेसिंगमध्ये पहिल्या फेरीला ते स्वतः मोटारसायकलवरून रायडरांच्या घोळक्यामागे जात, पाठीवर उपकरणांची बॅग घेऊन, म्हणजे कुणी पडला तर काही सेकंदांत पोचता यावं. उत्तर आयर्लंडला हवाई रुग्णवाहिका हवी म्हणून ते झगडत होते. सरावाच्या वेळी वैद्यकीय सेवेवर असतानाच त्यांचा अपघात झाला. ती हवाई रुग्णवाहिका २०१७ साली सुरू झाली आणि ती फक्त रायडरांसाठी नाही, तिथल्या शेतकऱ्यांसाठी, लहान मुलांसाठीही उडते. या खेळाबद्दल 'वेडे लोक' एवढंच म्हणून हात झटकणाऱ्यांना मी नेहमी हाइंड्सबद्दल सांगते. धोका कमी करण्यासाठी रात्रंदिवस खपणारी माणसंही याच गर्दीत आहेत.

पुढच्या नंबरांचे, म्हणजे नावाजलेल्या रायडरांचे फोटो काढायला सगळे असतात. चाळिसाव्या, पन्नासाव्या नंबराचा रायडर येईपर्यंत अर्धे कॅमेरे खाली गेलेले असतात, लोक डबे उघडतात. हे मागचे रायडर आठवड्याचे पाच दिवस वायरमन असतात, गवंडी असतात, शेती करतात. घरातले पैसे घालून, मित्रांना मेकॅनिक म्हणून सोबत घेऊन, व्हॅनमध्ये झोपून ते इथे येतात. मी शेवटच्या नंबरापर्यंत सगळ्यांचे फोटो काढते आणि एकही खोडत नाही, धुरकट आलेलेसुद्धा. एका रायडरच्या बहिणीने भावाच्या जाण्यानंतर काही महिन्यांनी मला लिहिलं होतं, तुमच्याकडे त्याचे आहेत का, कसेही असले तरी पाठवा. होते. सगळे पाठवले. तिने नंतर विचारलं, हा जो चर्चजवळचा आहे, त्यात गडग्यावर हात हलवणारी मुलगी कोण? तो जाताना तिच्याकडे बघत असेल का? मला त्याचं उत्तर देता आलं नाही, पण तो प्रश्न रुंद लेन्समुळे पडला एवढं नक्की. जवळून काढलेल्या फोटोत ती मुलगी आलीच नसती.

माझा भाचा पुण्यात असतो. रविवारी पहाटे चार-पाच मित्र मिळून ताम्हिणीला जातात, सगळ्यांच्या गाड्या मोठ्या, सगळ्यांचे लेदरचे सूट चांगल्यातले. त्याच्या फोनच्या पडद्यावर टीटीचाच एक फोटो होता, कुणीतरी लांब लेन्सने काढलेला, गुडघा रस्त्याला, मागे नुसत्या हिरव्या रेघा. त्याला तो फोटो ताम्हिणीचाच वाटत असणार, हिरवा घाट, ओला रस्ता, झुकलेली गाडी. मी त्याला त्याच वळणाचा माझा फोटो पाठवला.

"आत्या, इथे तर कुणाच्या घराचं दार आहे!"

"आहे. आणि दाराबाहेर गवताचे भारे रचलेत बघ. रस्ता सकाळीच बंद केलाय. समोरून काही येणार नाही, हे त्याला माहीत आहे."

तो थोडा वेळ गप्प बसला. आमच्या घाटांत समोरून एसटी येते, वळणावर चुकीच्या बाजूने ट्रक येतो, मक्याची कणसं भाजणाऱ्याच्या गाडीजवळ माणसं रस्त्यातच उभी असतात. टीटीच्या पंधरवड्यात रस्ता सगळ्यांना खुला असतो तेव्हाही डोंगरावरचा भाग एकाच दिशेने चालू ठेवतात, कारण पाहुणे रायडर तिथे काय करतात हे त्या लोकांनी पाहिलेलं आहे. शर्यतीच्या फोटोतून भिंत गेली की बंद रस्ताही जातो, मार्शलही जातो, हेलिकॉप्टरही जातं. उरतो तो फक्त झुकलेला रायडर, आणि त्याची नक्कल कुठल्याही रस्त्यावर करावीशी वाटते. लांब लेन्सबद्दलची माझी ही सर्वांत मोठी तक्रार आहे.

भाच्याने मग विचारायचं तेच विचारलं. "मग तू कशाला जातेस? तुला एवढा त्रास होतो तर?"

मला त्रास होतो हे खरं आहे. बोटीतून परतताना दरवेळी वाटतं की पुढच्या वर्षी नको. पण मी त्याला सांगितलं ते असं. या माणसांना कुणी जबरदस्तीने बसवलेलं नाही. त्यांना तो रस्ता माझ्यापेक्षा, तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्याची किंमतही. त्यांच्यातला जवळजवळ प्रत्येक जण कुणाच्या ना कुणाच्या अंत्ययात्रेला गेलेला आहे. तरी ते बसतात, आणि जेव्हा बसतात तेव्हा ते जे करतात तेवढ्या बारकाईने, तेवढ्या एकाग्रतेने मी आयुष्यात दुसरं काही होताना पाहिलेलं नाही. ते कुणीतरी नीट पाहिलं पाहिजे. टाळ्या वाजवण्यापुरतं नाही आणि हळहळण्यापुरतंही नाही. मला कॅमेऱ्यातून पाहता येतं म्हणून मी जाते. उद्या त्यांनी ठरवलं की हे बंद करायचं, तर मी त्या दिवशीही जाईन, रिकाम्या रस्त्याचे फोटो काढायला.

त्याला हे पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. ताम्हिणीला तो अजून जातो. पुढच्या जूनमध्ये माझ्याकडे येतो म्हणालाय, व्हिसाचे कागद जमवतोय. त्याला मी एकच अट घातली आहे: पहिल्या दिवशी कॅमेरा, फोन काहीही हातात नाही. सकाळी रस्ता बंद व्हायच्या आत आपण कर्क मायकल गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं, दोन्ही बाजूंच्या भिंतींना हात लावत. तिथे घरं रस्त्याला इतकी खेटून आहेत की दार उघडलं की पाऊल रस्त्यातच पडतं. मग चर्चजवळ चहा घेऊन उभं राहायचं आणि गाड्या अडीचशेच्या पुढे त्याच गल्लीतून जाताना नुसत्या बघायच्या. दुसऱ्या दिवशी लेन्स कुठली लावायची, हे त्याचं त्याने ठरवावं.